गाळाखालची जमीन

मे महिना अर्धा सरला की इंदापूरच्या रस्त्यावर गाळाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. उजनीचं पाणी तोवर लांब मागं गेलेलं असतं आणि धरणाच्या पोटातला गाळ वाळून त्याची ढेकळं झालेली असतात. ट्रॉली खड्ड्यात आदळली की फळीच्या फटीतून राखाडी भुगा सांडतो. आपण मागं दुचाकीवर असलो तर तो दातांत करकरतो. त्याला वास असतो, शेवाळाचा, शिंपल्यांचा, मेलेल्या माशांचा आणि उन्हानं भाजलेल्या चिखलाचा. यंदा परवा पेपर तपासून परत येताना तो वास नाकात शिरला. मी गाडी बाजूला घेऊन थांबले. ट्रॉली दिसेनाशी झाली, धूळ बसली, तरी निघावंसं वाटेना. माझ्या काकीची काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यातली पावलं आठवत राहिली, घोट्यापर्यंत राखाडी झालेली.

मी बारामतीत एका कॉलेजात भूगोल शिकवते. गाळाचा धडा आला की वर्गात काचेची एक बरणी नेते. तिच्यात मूठभर माती, थोडी वाळू, थोडे खडे घालते, पाणी भरते, खळखळून हलवते आणि टेबलावर ठेवून देते. पहिल्यांदा नुसता गढूळपणा असतो. मग खडे तळाला जातात, त्यांवर वाळू बसते, आणि तास संपेपर्यंत वर पातळ, मऊ, पिठासारखा थर दिसू लागतो. मुलांना मी सांगते, वाहतं पाणी ओझं घेऊन चालतं, थांबलं की ते खाली ठेवतं. पृथ्वीच्या पाठीवर बरंच काही असंच खाली ठेवलेलं आहे. हे वाक्य मी वर्षानुवर्षं म्हणत आले. त्या उन्हाळ्यापासून ते म्हणताना माझा आवाज थोडा खाली येतो.

त्या वर्षी परीक्षा संपल्या आणि मी शेळगावला तात्यांकडं गेले. तात्या माझे चुलते, वडिलांचे थोरले भाऊ. त्यांच्या बायकोला मी काकी म्हणते. आमचं मूळ गाव भीमेच्या काठावर होतं. धरण झालं, पाणी चढत आलं आणि गावाला उठावं लागलं. तेव्हा तात्या-काकींचं लग्न होऊन दोनतीन वर्षं झाली असतील, माझे वडील अजून शाळेत होते. मी पुष्कळ नंतर जन्मले, त्यामुळं जुनं गाव माझ्यासाठी घरातल्यांच्या बोलण्यात मधूनच येणारं एक नाव, एवढंच. तात्या ते नाव फारसं घेत नसत. शेळगावात त्यांनी नव्यानं रान केलं, कालव्याच्या पाण्यावर कोथिंबीर, मेथी, वांगी पिकवली, पुढं थोडं डाळिंब लावलं. दोन मुलगे आणि एक मुलगी वाढवली, तिघांची लग्नं केली.

त्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला म्हणून तात्यांनी ती आणखी खोल करायला काढली होती. काठावर क्रेन बसवली होती, खाली सुरुंग उडत होते, आणि लोखंडी बादलीतून दगड वर येऊन पडत होते. वरचा मुरूम मी लहानपणापासून पाहिलेला. त्याखाली काळा पाषाण, तोही पाहिलेला. पण एका दुपारी बादलीतून तांबडी माती वर आली. विटेच्या भुग्यासारखी, हातात घेतली की बोटांना लागणारी. मी वाकून विहिरीत बघितलं. दोन काळ्या थरांच्या मधोमध हातभर रुंदीचा एक तांबडा पट्टा सगळ्या विहिरीला करगोट्यासारखा फिरलेला होता.

संध्याकाळी अंगणात बसून मी तात्यांना त्या पट्ट्याची गोष्ट सांगितली. तात्या खाटेवर, काकी जमिनीवर, पुढ्यात कोथिंबिरीचा ढीग, हात जुड्या बांधण्यात. मी म्हणाले की आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला इथली जमीन ठिकठिकाणी उकलली आणि तप्त रस वाहत सुटला. एकदा वाहिला की पुष्कळ काळ शांतता. त्या शांततेत दगड झिजून त्याची माती व्हायची, तिच्यावर झाडं उगवायची, खोलगट जागी तळी साचायची, तळ्यात बारीक गाळ बसायचा. मग पुन्हा कधीतरी रस यायचा आणि ती माती भाजून तांबडी व्हायची. विहिरीतला पट्टा म्हणजे असं भाजलेलं रान.

 तात्यांनी विचारलं, त्या रानावर कोण होतं? मी म्हणाले, ह्या पट्ट्याचं नेमकं वय मला सांगता येणार नाही, पण त्याच काळात, पहिले पहिले रस वाहत होते तेव्हा, आपल्या देशात डायनासोर फिरत होते. तात्यांनी नातवाच्या मोबाईलमध्ये ते पाहिले होते. त्यांना हसू आलं. कोथिंबिरीच्या वाफ्यात असलं जनावर शिरलं तर राखण कुणी करायची, असं काहीतरी ते म्हणाले.

काकी मात्र हसली नाही. तिचे हात थांबले होते. तिनं विचारलं, "आन् ती मेली, मातीत गेली, त्येंचं काय ऱ्हातं का?"

मी शिकवण्याच्याच ओघात उत्तर दिलं. उघड्यावर पडलेलं राहत नाही, ते कोल्ही-कुत्री नेतात, ऊनपाऊस खातो. पण ज्याच्यावर संथ पाण्यातला गाळ लवकर चढतो, ते राहू शकतं. आपल्या भागात सापडत नाहीत, पण चंद्रपूरकडं हाडं सापडली आहेत, नर्मदेच्या अंगाला तर अंडी सापडली आहेत, घरट्यात एकाशेजारी एक ठेवलेली.

"अंडीबी?" काकीनं विचारलं.

"अंडीबी."

"एवढुशी आसली तरी?"

मी हो म्हणाले. काकीनं पुन्हा जुड्या बांधायला घेतल्या. तिनं बांधलेल्या पुढच्या दोनतीन जुड्या सैल निघाल्या, आणि तात्यांनी त्या पुन्हा घट्ट बांधून टोपलीत टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या विहिरीवर गेल्यावर काकी माझ्यापाशी आली. डोक्यावरून पदर, पायांत बाहेर जायच्या चपला. म्हणाली, पाणी लई मागं गेलंय म्हणतात, मला जुन्या गावाकडं घेऊन चल. तात्यांना सांगायचं का, असं मी विचारलं, तर आल्यावर सांगू म्हणाली. एवढ्या वर्षांत काकीनं स्वतःहून कुठं ने म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. मी कारण विचारलं नाही, गाडी काढली.

 धरणाच्या काठाला येऊन गाडी लावली तेव्हा समोर पाणी नव्हतंच. क्षितिजाशी एक चकाकती रेघ दिसत होती, आणि तिथंवर नुसती भेगाळलेली जमीन. प्रत्येक भेग वीतभर खोल, मधले तुकडे काठाला वर वळलेले, जणू कुणी भाकऱ्या वाळत घातल्यात. पायाखाली शिंपले कुडकुड मोडत होते. मधूनच एखाद्या मोडक्या जात्याची पाळ वर आलेली, पुढं मारुतीच्या देवळाचा चौथरा, त्याच्यावर कुणीतरी ताजा शेंदूर लावलेला. काकी चौथऱ्याशी थांबली, हात जोडले, डावीकडं वळली आणि न अडखळता चालू लागली. कुठं वळायचं हे तिच्या पायांना ठाऊक होतं. मी मागं मागं.

चालता चालता तिनं सांगितलं. माझ्याकडं न बघता, बाजारातल्या भावाबद्दल बोलावं तशा आवाजात. लग्नानंतर पहिली मुलगी झाली होती. बारसं व्हायचं होतं. पाळणाही आणलेला होता. त्याआधीच एका पहाटे ती तापानं गेली. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, म्हणून तात्यांनी तिला आपल्याच रानात, विहिरीशेजारच्या चिंचेखाली पुरलं. काकी अंथरुणावर होती, तिला उठू दिलं नाही. पुढं ती रोज दुपारी त्या चिंचेखाली जाऊन बसायची. मग पाणी आलं. ट्रकमध्ये भांडी, दारं, कौलं भरली आणि निघून आले. "त्येंच्याफुडं म्या कवा इषय काडला न्हाय," ती म्हणाली. "त्येंनीबी न्हाय."

 मी तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला आणि चालत राहिली.

चिंचेचा वाळका बुंधा आम्हाला लांबूनच दिसला. काळा पडलेला, फांद्या गेलेल्या, कमरेएवढा गाळ चढल्यामुळं बुटका वाटणारा. आणि त्याच्याकडं सरकत येणारं यंत्रही दिसलं. गाळ काढणारं पिवळं यंत्र जमिनीचा घास घ्यायचं, ट्रॉलीत टाकायचं, थोडं पुढं व्हायचं. त्यानं केलेल्या खड्ड्याची कड बुंध्यापासून फार लांब नव्हती. तीनचार ट्रॅक्टर रांगेत उभे होते.

काकीनं चालण्याचा वेग वाढवला. पासष्टीची बाई, गुडघे दुखणारी, त्या भेगांवरून अशी गेली की मला पळावं लागलं. काम बघणारा एक तिशी-पस्तिशीचा शेतकरी होता. डोक्याला उपरणं, हातात पाण्याची बाटली. जवळच्याच गावचा, त्याला सगळे बापू म्हणत होते. मी पुढं होऊन त्याच्याशी बोलायला लागले. ही आमची जुनी जमीन, इथं जरा थांबाल का, असं काहीतरी. त्यानं शांतपणे उत्तर दिलं की ताई, आता ही कुणाचीच जमीन नाही, परवानगीनं गाळ काढतोय, माणसं कालपासून ट्रॅक्टर घेऊन थांबलीत. त्याचं काही चुकत नव्हतं. त्याच गाळानं कितीतरी माळरानं हिरवी झाली आहेत, हे मीच वर्गात सांगत असते.

तेव्हा काकी त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. ती मोठ्यानं बोलली नाही, पण यंत्राच्या घरघरीतही तिचं बोलणं ऐकू आलं.

"बाबा, माजी लेक हाय हितं."

बापूला आधी समजलं नाही. त्यानं आजूबाजूला पाहिलं, कुणी मुलगी चुकली आहे की काय अशा नजरेनं. मग त्यानं काकीच्या चेहऱ्याकडं पाहिलं, ती ज्या बुंध्याकडं बोट करत होती तिकडं पाहिलं, आणि हात वर केला. यंत्र बंद झालं. ते बंद झाल्यावर इतकं निवांत झालं की लांब पाण्यावर ओरडणाऱ्या टिटव्या ऐकू आल्या.

तो ट्रॅक्टरवाल्यांशी जाऊन बोलला. एकदोघांनी कुरकुर केली असावी. त्यानं त्यांना काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण एकेक ट्रॅक्टर वळला आणि सगळं काम चौथऱ्याच्या पलीकडच्या बाजूला गेलं. मग बापू परत आला. खड्ड्यात उघड्या पडलेल्या जुन्या विहिरीच्या बांधकामातले चार दगड उचलून त्यानं बुंध्याभोवती चार कोपऱ्यांना ठेवले. ट्रॅक्टरवरून हद्द आखायला ठेवलेली खडूच्या पांढऱ्या भुकटीची पिशवी आणली आणि दगडांना जोडणारी रेघ ओढली. उकिडवा बसून, सावकाश. रेघ पूर्ण झाल्यावर त्यानं काकीला विचारलं, मावशी, नाव काय होतं?

"ठिवायचं ऱ्हायलं," काकी म्हणाली.

बापूनं मान हलवली. हातातली बाटली तिला दिली आणि निघून गेला.

आम्ही त्या पांढऱ्या रेघेच्या बाहेर बसलो. काकी आत गेली नाही. तिनं पदराची गाठ सोडली, ती मी आधी पाहिली नव्हती. आत थोडे तांदूळ आणि गुळाचा खडा होता. ते तिनं बाहेरूनच हात लांब करून बुंध्याच्या सावलीत ठेवलं. सावली म्हणजे काय, हातभर. ऊन चढलं होतं, पण उठूया म्हणायचा मला धीर होत नव्हता.

तिनं विचारलं, किती गाळ चढला असेल वर? मी म्हणाले, इथं दिसतोय तेवढा, कमरेएवढा. दर पावसाळ्यात सह्याद्रीकडून भीमा माती घेऊन येते, धरणात पाणी थांबतं, माती खाली बसते. एका वर्षाचा थर एवढुसाच. मग ती कालचं बोलणं आठवून म्हणाली, म्हणजे झाकलेली आहे. मी म्हणाले, हो, झाकलेली आहे. अंड्यांचं कवच चुन्याचं असतं आणि लेकराची हाडं कोवळी असतात, काळ्या मातीत त्यांचं काय होतं हा निराळा प्रश्न आहे. तो तिनं विचारला नाही, आणि मीही तिकडं गेले नाही.

"पानी आलं तवा समद्यांनी आपलं आपलं न्हेलं," ती थोड्या वेळानं म्हणाली. "कुनी चौकट न्हेली, कुनी तुळस. आमी तिला हितंच टाकून गेलो."

मला तिला खोटं सांत्वन द्यायचं नव्हतं. मला जे ठाऊक होतं तेच मी सांगितलं. काकी, जमीन एका जागी थांबलेली नाही. ज्या काळी ती जनावरं होती त्या काळी आपला देश इथं नव्हता, खाली दक्षिणेला होता. आधी आफ्रिकेला, मादागास्करला चिकटलेला. मग सुटला, समुद्रात एकटाच बेटासारखा उत्तरेकडं निघाला. वाटेत त्याच्या अंगावर तो लाव्हा आला, ती माती भाजली. तरी तो चालतच राहिला, त्याच्या पाठीवरची झाडं, तळी, घरटी, पुरलेलं, उघडं, सगळं घेऊन. पुढं तो आशियाला जाऊन धडकला, हिमालय उभा राहिला. आणि अजूनही तो थांबलेला नाही.

"अजून?"

"अजून. आपली नखं वाढतात ना, साधारण त्या चालीनं. पण चालतोय."

काकीनं आपला हात पुढं धरून नखांकडं बघितलं. नखांच्या कडांना कोथिंबिरीचा हिरवा रंग अजून होता.

"शेळगावबी?"

"शेळगावबी. बारामतीबी. हे धरण, हा गाळ, ही चिंच. सगळं एकाच पाटावर बसल्यासारखं, बरोबरच."

तिनं बुंध्याकडं पाहिलं. मग रेघेकडं. मग पलीकडं, जिथं उन्हात आमचं शेळगाव असावं त्या दिशेला. तिचे ओठ जरा हलले, आणि मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "म्हंजी ती मागं न्हाय ऱ्हायली. आमच्याबरूबरच हाय."

मी हो म्हणाले. तेवढ्यावर ती रडली. मोठ्यानं नाही, पण पुष्कळ वेळ, आणि मी तिला थांबवलं नाही.

घरी पोचलो तेव्हा तात्या ओट्यावर बसले होते. काकीचे पाय घोट्यापर्यंत राखाडी होते, साडीच्या काठाला शिंपल्यांचा चुरा चिकटलेला. तात्यांनी ते पाय पाहिले. कुठं गेला होता, असं विचारलंच नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "चिच दिसली का?"

"बुंधा हाय," काकी म्हणाली.

तात्या उठले, रांजणातून तांब्याभर पाणी आणलं आणि तिच्या पायांवर ओतलं. मी आत निघून गेले. आत मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. इतक्या वर्षांत न निघालेला विषय त्या ओट्यावर कसा निघाला, कुणी आधी काढला, हे मला माहीत नाही. कळावं असंही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीचं काम बंद ठेवून तात्या काकीला मोटारसायकलवर घेऊन गेले. दोघं दुपार कलल्यावर आले. तात्यांच्या टोपीलाही गाळ लागलेला होता.

त्या वर्षी आमच्याकडं पाऊस उशिरा आला, पण वरच्या अंगाला चांगला झाला आणि भीमेला पाणी आलं. आपल्या डोक्यावर ढग नसताना धरण चढतं, तसं ते चढलं. वर्तमानपत्रात रोज धरणाचा आकडा यायचा. काकीला वाचता येत नाही. ती तात्यांना विचारायची, कुठवर आलं? तात्या सांगायचे, चौथऱ्याला लागलं असंल. आणखी काही दिवसांनी म्हणाले, चिचंवरून गेलं. काकी बरं म्हणाली आणि चुलीकडं वळली.

पुढं विहिरीला तांबड्या पट्ट्याच्या खाली पाणी लागलं, चांगलं लागलं. आतल्या भिंतीवरचा तो पट्टा आता ओला असतो आणि अधिकच गडद दिसतो. कॉलेजच्या मुलांना मी एकदा तिथं नेऊन दाखवला. बरणीतला धडा तिथं शिकवावा लागत नाही. मुलं काठावर वाकून बघतात, भाजलेलं रान, त्याच्यावरचा काळा दगड, त्याच्यावरचा मुरूम आणि सगळ्यात वर तात्यांची कोथिंबीर. एकीनं विचारलं, मॅडम, आपल्यावरही असंच काही येऊन बसणार का? मी म्हणाले, हो, हळूहळू. ती विचारात पडली. तिला धीर द्यावा असं मला वाटलं, पण तेवढ्यात काकीनं सगळ्यांना ताक पाजायला बोलावलं.

त्या पावसाळ्यानंतरच्या संक्रांतीची एक गोष्ट सांगायची राहिली. मी हळदीकुंकवाला शेळगावला गेले होते. गल्लीत नव्यानं राहायला आलेली एक सून वाण घ्यायला आली. बसली, तिळगूळ घेतला, इकडचं तिकडचं बोलली. मग तिनं काकीला, बायका विचारतात तसं सहज विचारलं, तुम्हाला मुलं किती? काकीचं ह्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मी आयुष्यभर ऐकलं होतं, तीन. काकी तिच्या कपाळाला कुंकू लावत होती. बोट कपाळावर तसंच ठेवून ती क्षणभर थांबली.

"चार," ती म्हणाली. "दोगं हितंच असत्यात, धाकटी सुप्याला दिलीया. आन् थोरली धरणात असती."